भंगारातून उभे राहिलेले रोडस्टर : १९४०च्या दशकातले घरगुती हॉट रॉड आणि त्यांची जोडणी

लोहारआळी

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी घरी बदललेली जुनी गाडी, म्हटलं की ज्वाळा रंगवलेलं बॉनेट आणि आरशासारखं क्रोम डोळ्यांपुढे येतं. ते सगळं नंतरचं. हा धागा त्याआधीच्या गाड्यांचा आहे. साधारण १९३५ ते १९५० या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात घरामागच्या शेडमध्ये, मोडीत निघालेल्या फोर्डच्या सुट्या भागांतून त्या तयार झाल्या. आठवडाभर तीच गाडी कामावर न्यायची आणि रविवारी पहाटे मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांकडे, म्हणजे म्युरॉक, रोझामंड, हार्पर किंवा एल मिराजकडे निघायचं. तिथे हेडलाइट आणि पुढची काच उतरवायची, घड्याळावर पळवायची, सगळं परत बसवायचं आणि तीच गाडी चालवत घरी यायचं. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ साली स्थापन झाली, १९३८ साली म्युरॉकवर तिची पहिली स्पर्धा झाली, आणि मग वेग अधिकृतपणे नोंदला जाऊ लागला.

मला या गाड्यांबद्दल अतोनात आदर आहे, आणि तो दिसण्यासाठी नाही. अशा गाडीवरच्या कुठल्याही बदलाला ‘हे का केलं?’ असं विचारा, उत्तर मिळतं. मडगार्ड काढले ते वजन आणि वारा कमी व्हावा म्हणून. मागचे टायर मोठे, कारण त्याने फायनल रेशो लांबतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी लागतात. काच कापली, कारण उभी काच म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली फळी.

हे सगळं घरी जमलं त्याचं मोठं श्रेय फोर्डच्या हट्टाला जातं. १९२८ पासून १९४८ पर्यंत फोर्डने पुढे-मागे स्प्रिंगचे आडवे पाटे, पुढे बीम अॅक्सल आणि मागे बंद टॉर्क ट्यूब (फिरत्या शाफ्टभोवतीची नळी) ही रचना सोडली नाही. चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर, १९३६ ते ३९ची रुंद पाच-बोल्टी चाकं वगळता. त्यामुळे १९४०चं चाक १९२९च्या गाडीला सरळ बसतं. चाकाचा व्यास मात्र उतरत गेला : १९२८-२९ला २१ इंच, १९३०-३१ला १९, १९३२ला १८, १९३३-३४ला १७ आणि १९३५ पासून १६. म्हणून १९३५ची तारांची १६ इंची चाकं जुन्या गाड्यांवर इतकी दिसतात.

चर्चेला एक नमुना धरू : १९२९ मॉडेल एची रोडस्टर (पक्कं छत नसलेली) बॉडी, १९३२ची चासी, १९४६-४८चं ५९ए व्ही-८ इंजिन, १९३९चा गिअरबॉक्स, १९४०-४८चे हायड्रॉलिक ब्रेक. मॉडेल एचं चार सिलिंडरचं इंजिन ४० अश्वशक्तीचं, १९३२चं पहिलं व्ही-८ ६५चं. तिथूनच सगळी ओढ सुरू झाली.

ओळंबा

छान धागा. पहिली शंका चासीची. मॉडेल एची स्वतःची चासी असताना १९३२चीच का शोधत? आणि बॉडी खाली बसवताना कामाचा क्रम काय?

सुताची_पट्टी

१९३२ची चासी दोन कारणांसाठी. पहिलं, ती व्ही-८ साठीच घडवलेली, मधला आडवा सांधा भक्कम. मॉडेल एची चासी म्हणजे पातळ उघडी पन्हळ. व्ही-८ चा पीळ आला की ती कपडा पिळावा तशी वळते. दुसरं कारण डोळ्याचं. मॉडेल एला बॉडी आणि फूटबोर्डच्या मध्ये झाकणपत्रा होता, चासी दिसतच नसे. १९३२ला तो पत्रा गेला आणि चासीची बाजूच गाडीचा दर्शनी भाग झाली. तिच्यावर ठोकून उठवलेली एक बारीक धार आहे, ती बॉडीच्या वळणाबरोबर पुढून मागे जाते. मडगार्ड उतरवले तरी ती बाजू उघडीनागडी दिसत नाही. हे दुसऱ्या कुठल्या फोर्डच्या चासीत नाही.

चाकातलं अंतर मॉडेल एचं साडेएकशेतीन इंच, १९३२चं १०६. बॉडी मागच्या चाकाच्या कमानीवरून जुळवायची, म्हणजे उरलेले अडीच इंच पुढे बॉनेटमध्ये जातात. ते हवेच असतात, व्ही-८ चा पंखा आणि जाड रेडिएटर तिथे मावतो.

क्रम असा :

बॉडीला हात लावण्याआधी तिला आतून बांधायचं. दाराच्या दोन्ही खांबांमध्ये आडवी नळी, एका बाजूच्या खांबातून दुसऱ्या बाजूच्या तळाशी तिरपी नळी, दोन्हीकडून. दारं लावलेली, फटी सारख्या, आणि मगच वेल्डिंग. रोडस्टरला वर छत नाही, तळ कापला की तिला धरून ठेवणारं काहीच राहत नाही. आधार न देता तळ कापला तर दार पुन्हा कधीच बसत नाही. वरून मिटतं, खालून बोटभर उघडं राहतं.

चासी सपाट टेबलावर पकडून दोन्ही कर्ण मोजायचे. फरक एक सुताच्या (१/८ इंच) आत हवा. जुनी चासी अपघातातली असेल तर पुढचा कोपरा हमखास मागे सरकलेला असतो.

मॉडेल एची चासीच वापरायची असेल तर आतून दीड सूत जाडीची पट्टी लावून पन्हळीची पेटी करा. इथेच सगळ्यांची घाई होते. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग वेल्डिंग मारलं की चासी केळ्यासारखी वाकते. इंच-दीड इंचाचे टाके, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक पुढे, एक मागे; हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग पुढचा टाका.

बॉडी खाली घेणं म्हणजे तळ चासीभोवतीने कापून वर उचलायचा आणि बॉडी चासीवर टोपीसारखी उतरवायची. उंची चासीच्या खोलीइतकी कमी होते, पण पाय ठेवायची जागाही तेवढीच जाते. तळ्यावर पळणाऱ्या गाडीला ते चालतं. रोजच्या गाडीला बॉडी चासीवरच ठेवून पुढचा अॅक्सल उतरवणं शहाणपणाचं.

नऊसोळा

अॅक्सलचं मी सविस्तर लिहितो, कारण गाडीची चाल इथेच ठरते.

पुढून गाडी खाली आणायचे तीन मार्ग. आडव्या स्प्रिंगचे काही पाटे काढणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. स्प्रिंग मऊ होते आणि खड्ड्यात अॅक्सल चासीवर आपटतो. मुख्य पाट्याचे डोळे उलटे वळवले तर एक ते सव्वा इंच मिळतो, मऊपणा न येता. तिसरा मार्ग खरा : बीम भट्टीत लाल करून त्याची दोन्ही टोकं वर ओढायची, म्हणजे मधला भाग दोन ते तीन इंच खाली येतो. यात धातू ताणला जातो, टोकाजवळची मान बारीक होते. म्हणून हे काम जाणत्या लोहाराचंच, आणि नंतर चुंबकी पावडरने तडा तपासणं अनिवार्य.

अॅक्सल उतरवला की स्टिअरिंगचे हात खाली वाकवावे लागतात. नाहीतर टायरॉड (दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) विशबोनला (अॅक्सल चासीला धरणारा व्ही आकाराचा दांडा) घासतो. घासू नये म्हणून कुणी टायरॉडच वाकवतात; ते करू नका. वाकलेला टायरॉड दाबाखाली आणखी वाकतो आणि चाकं आपोआप उघडतात.

विशबोन मधून कापून त्याचे दोन पाय चासीच्या बाजूंना बांधण्याची पद्धत फार जुनी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सखाली जागा होते. पण यांत्रिकी समजून घ्या : मूळ रचनेत विशबोन मध्यभागी एका गोळ्यावर फिरतो, म्हणून एक चाक वर गेलं तरी अॅक्सल पिळला जात नाही. दोन पाय वेगळे केले की एक चाक चढताना अॅक्सललाच पीळ बसतो. फोर्डचा आय आकाराचा बीम तो पीळ सहन करतो, उलट कलंडणंही थोडं रोखतो. गोल नळीचा अॅक्सल पिळत नाही. तिथे विशबोनच्या खुंटीपाशी तडा जातो. दोन पायांचा विशबोन आणि नळीचा अॅक्सल ही जोडी टाळाच.

कॅस्टर (चाक ज्या खुंटीवर, म्हणजे किंगपिनवर वळतं तिचा मागे कलण्याचा कोन) पाच ते सात अंश ठेवा. मागचा भाग उंच आणि पुढचा खाली केल्यावर तो आपोआप कमी होतो, आणि मग ताशी ४५-५० मैलांवर स्टिअरिंग थरथरतं. लोक किंगपिन बदलत बसतात, दोष कॅस्टरचा असतो.

इंद्रायणी

ब्रेकबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. १९३८ पर्यंत फोर्डला दांड्यांचे यांत्रिक ब्रेक होते, हायड्रॉलिक १९३९ साली आले. मग सगळे १९४०-४८चेच ब्रेक का लावतात, १९३९चे का नाही?

नऊसोळा

इंद्रायणीताई, चाकामुळे. फोर्डच्या १९३९च्या ड्रमवर ती रुंद पाच-बोल्टी चाकं बसतात. १९४० पासून पुन्हा साडेपाच इंची वर्तुळ आलं. ड्रम १२ इंची. १९३९ची पेडलजोडी मात्र सगळ्यांना हवी असते, कारण मास्टर सिलिंडर तिच्याबरोबर तळाखाली बसतो आणि इंजिनमागचा पत्रा कोरा राहतो.

या ब्रेकमध्ये एक बारकावा आहे. दोन्ही ब्रेक शूंना तळाशी आपापली वेगळी, केंद्र बाजूला असलेली (एक्सेंट्रिक) खुंटी आहे. बहुतेक जण फक्त वरचा समायोजक फिरवतात. मग शू ड्रमला फक्त वरच्या टोकाशी टेकतो, गाडी ब्रेक मारताच एका बाजूला ओढते आणि लोक लायनिंगला दोष देतात. आधी खालच्या खुंट्या फिरवून शू ड्रमशी समकेंद्री करा, मग वरचा समायोजक. नवीन लायनिंग ड्रमच्या वळणाप्रमाणे घासून घेतलं नसेल तर हेही फुकट.

आणि मास्टर सिलिंडर चाकाच्या सिलिंडरपेक्षा खाली असल्यामुळे तेल परत वाहून येतं. मूळ मास्टरमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह आतच असतो. दुसरा मास्टर लावलात तर ड्रमसाठी १० पौंडांचा (दर चौरस इंची) व्हॉल्व्ह लाइनमध्ये द्या, नाहीतर पहिला पाय पोकळ जातो. हेही लक्षात ठेवा की मूळ रचनेत सर्किट एकच : एक नळी फुटली की चारही चाकं गेली.

लोहारआळी

आता इंजिन. फोर्डचं साइड-व्हॉल्व्ह व्ही-८ सुरुवातीला २२१ घनइंच होतं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/१६ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ ३/४ इंच. १९३९च्या मर्क्युरीत (फोर्ड कंपनीचीच गाडी) बोअर एक सूत वाढून ३ ३/१६ झाला, म्हणजे २३९ घनइंच, सुमारे ३.९ लिटर. ५९ए हाच मोठा बोअर घेऊन येतं. १९४९च्या मर्क्युरीने ४ इंची स्ट्रोकचा क्रँक दिला आणि २५५ घनइंच झाले. हा क्रँक भंगारात मिळू लागला तेव्हा घरगुती बांधणीत मोठा बदल झाला. त्याआधी स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकची खुंटी वेल्डिंगने भरून बाजूला घासावी लागे.

४ इंची क्रँक आणि ३ ५/१६ बोअर घेतला की २७६ घनइंच. ३ ३/८ बोअर आणि ४ १/८ स्ट्रोक केला की २९५च्या वर, त्यालाच तिकडे ‘तीन सूत बाय तीन सूत’ अशा अर्थाने ओळखतात.

क्रँक बदलताना विसरली जाणारी गोष्ट पिस्टन. स्ट्रोक पाव इंचाने वाढला म्हणजे पिस्टन वर एक सूत जास्त येतो. जुनाच पिस्टन वापरला तर तो ब्लॉकबाहेर डोकावून हेडला भिडतो. पिनचं छिद्र एक सूत वर असलेलेच पिस्टन हवेत, आणि रॉड १९४९ पासूनचे. आधीच्या रॉडमध्ये दोन रॉडना मिळून एकच तरंगता बेअरिंग असतो.

सुताची_पट्टी

बोअरच्या बाबतीत एक पुस्ती. ५९एला मूळ ३ ३/१६ वरून ३ ३/८ करणं म्हणजे व्यासात दीड सूत वाढ. ओतकामात गाभा सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत कागदासारखी उरते. बोअरिंगआधी प्रत्येक सिलिंडरची जाडी चार ठिकाणी मोजा. आणि त्याहीआधी तडे : व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारा तडा या ब्लॉकचा नेहमीचा आजार. पैसे खर्च करायच्या आधी ब्लॉक उकळत्या सोड्यात साफ करून चुंबकी तपासणी करा.

माळरान

पोर्टिंग (व्हॉल्व्हकडच्या वायूच्या वाटा गुळगुळीत करणं) आणि रिलिव्हिंग केलंच पाहिजे, असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं. रिलिव्हिंग म्हणजे व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्या मधला ब्लॉकचा पृष्ठभाग खरवडून वायूला वाट द्यायची, ती केलीच नाही तर बाकीचा खर्च वाया, असं माझं मत.

लोहारआळी

माळरान, पोर्टिंगला पूर्ण सहमत, रिलिव्हिंगला नाही. व्हॉल्व्ह ते सिलिंडर अशी वाट खरवडली की तिथली जागा ज्वलनकक्षात मिळते आणि दाबगुणोत्तर उतरतं. २९५ घनइंचाच्या इंजिनात हा तोटा मोठ्या स्ट्रोकमुळे भरून निघतो. २३९ मध्ये नाही. तिथे वायू मोकळा वाहतो पण धक्का मऊ होतो, खालच्या गतीला गाडी सुस्त वाटते. रस्त्यावरच्या गाडीला फक्त पोर्ट गुळगुळीत करा, हेड ४० ते ६० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घासा, आणि तेवढ्यावर थांबा. हेड घासल्यावर व्हॉल्व्हवर मळलेली माती ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. मातीची जाडी ५० थाऊपेक्षा कमी निघाली तर व्हॉल्व्ह हेडला लागेल.

रिलिव्हिंग करायचंच असेल तर पिस्टन अगदी वर असताना वरची रिंग कुठे येते ती रेघ ओढून घ्या, आणि खरवडणं तिच्या बरंच वर थांबवा. रेघ ओलांडली की रिंगला वरची कड लागते आणि ब्लॉक कायमचा गेला.

माळरान

दाबाचा मुद्दा पटला. मोठ्या स्ट्रोकच्या इंजिनासाठीच मग. कॅमचं काय?

लोहारआळी

मूळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुन्हा घासून उंची वाढवत असत. घासल्यावर कॅमचं मूळ वर्तुळ लहान होतं आणि टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधला तुकडा) खाली उतरतो. फोर्डचा मूळ टॅपेट समायोजित होत नाही. कारखान्यात व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासून अंतर जुळवत. म्हणून घासलेल्या कॅमबरोबर स्क्रूचे टॅपेट घ्यावेच लागतात.

ओळंबा

हे इंजिन तापतं म्हणतात. खरंच उपाय आहे की नुसती समजूत?

नऊसोळा

तापतं, आणि कारण रचनेतच आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, आणि एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच, पाण्याच्या कप्प्यातून बाहेर जाते. त्यात मधल्या दोन सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून निघतो, म्हणून प्रत्येक बाजूला चार सिलिंडर पण तोंडं तीनच. जळका वायू जितका वेळ आत राहील तितकी उष्णता पाण्याला. म्हणून मोकळे पाइप लावल्यावर ताकदीबरोबर तापमानही सुधारतं. आवाजासाठीच ते लावत, हा गैरसमज आहे.

पुढे कॅम बनवण्यासाठी नावाजलेल्या एड इस्केंडेरियनचा रोडस्टर या बाबतीत फार अभ्यासण्यासारखा. १९२४ मॉडेल टीची बॉडी, एसेक्सची चासी आणि फोर्ड व्ही-८ वर मॅक्सी हेड. त्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये जातो. म्हणजे रोगाच्या मुळावरच उपाय : जळका वायू ब्लॉकमधून जातच नाही. जून १९४८च्या हॉट रॉड मासिकाच्या मुखपृष्ठावर हीच गाडी होती.

साध्या इंजिनाला करायच्या गोष्टी : पाण्याच्या कप्प्यातून ओतकामाची वाळू आणि गंज तारेने खरवडून काढा, दोन-दोन मुठी निघतात. १९३६ पर्यंतचे पंप हेडवर बसून गरम पाणी ओढत असत, १९३७ पासून ते ब्लॉकपुढे खाली आले आणि थंड पाणी आत ढकलू लागले, नंतरचेच वापरा. इग्निशन उशिरा पडत असेल तर मिश्रण एक्झॉस्टच्या वाटेत जळतं आणि पाणी उकळतं. रेडिएटर बदलण्याआधी टायमिंग तपासा.

इंद्रायणी

दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर लावल्यावर पेट्रोल वाहतं, याचं कारण काय असेल?

लोहारआळी

बहुतेक वेळा पंपाचा दाब. या कार्ब्युरेटरला दोन ते अडीच पौंड पुरतात. त्याच्या वर गेलं की फ्लोटची सुई उचलली जाते. आधी नियामक लावून दाब उतरवा, मग पातळी बघा : वाटीच्या वरच्या कडेपासून पेट्रोल १५/३२ इंच खाली हवं, पाव सुताइतका फरक चालतो. ‘९७’ हे नाव त्याच्या घशाच्या ०.९७ इंच व्यासावरून आलं. दोन्हींची हवा सारखी ओढली जाते का ते इंजिन गरम झाल्यावरच जुळवा, थंडीत जुळवलेलं गरम झाल्यावर बिघडतं.

दोन कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणारी नळी) म्हटलं की सुटे भाग बनवणाऱ्या व्हिक एडलब्रॉकचा ‘स्लिंगशॉट’ आठवतो. १९३२च्या स्वतःच्या रोडस्टरवर त्याने तो वापरला आणि १९४१ साली रोझामंडवर ताशी १२१ मैलांच्या वर, म्हणजे १९५ किलोमीटरच्या आसपास वेग नोंदवला. साइड-व्हॉल्व्ह इंजिन, तीच रस्त्यावरची गाडी. हा आकडा वाचताना अजूनही ऊर भरून येतो.

सुताची_पट्टी

त्या वेगाचं गणित करून बघा. मागचा टायर ३० इंच व्यासाचा धरला तर ताशी १२० मैलांना ३.७८ रेशोवर (चाकाच्या एका फेरीला इंजिनाचे ३.७८ फेरे) इंजिन मिनिटाला सुमारे ५०८० फेरे घेतं, ३.२७ वर सुमारे ४४००. ४.११ वर साडेपाच हजार. लांब स्ट्रोकच्या या इंजिनाला साडेपाच हजार म्हणजे मरण. म्हणून तळ्यावर जाणारे फार लांबचे रेशो शोधत, आणि गिअरबॉक्समध्ये लिंकन-झेफिरचे दाते घालत, ज्यांचे पहिले दोन गिअर एकमेकांच्या जवळ असतात.

माळरान

असं काम महाराष्ट्रात केलं तर नोंदणीचं काय होईल?

इंद्रायणी

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ बघा. निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल होईल अशी फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. चासी कापणं, बॉडी बदलणं रस्त्यावरच्या गाडीला शक्य नाही. खासगी जागेत, प्रदर्शनासाठी बांधणं वेगळं.

ओळंबा

मागच्या अॅक्सलचं राहिलं. मॉडेल एचाच ठेवला तर?

नऊसोळा

व्ही-८ पुढे टिकत नाही. १९३५-४०चा घ्या, टॉर्क ट्यूब आणि आतला शाफ्ट सारख्याच मापाने आखूड करा, आणि कापलेलं तोंड लेथवर काटकोनात घ्या. आरीने कापून हाताने जुळवलेली ट्यूब सरळ दिसते, पण गाडी ५० मैलांवर गेली की खालून घरघर सुरू होते.

आणि एक फार महत्त्वाचं. मागचं हब (चाकाचा मधला भाग) अॅक्सलच्या निमुळत्या टोकावर एका चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने, बसतं. लोकांना वाटतं ओढ चावी घेते. ओढ निमुळत्या पृष्ठभागाची पकड घेते, चावी फक्त जागा दाखवते. म्हणून तिथे ग्रीस लावायचं नाही, दोन्ही पृष्ठभाग कोरडे, स्वच्छ. नट २०० फूट-पौंडांपर्यंत कसायचा, मग कॉटर पिनचं भोक जुळेपर्यंत पुढेच न्यायचा, मागे कधीच नाही. ५०-६० मैल चालवून पुन्हा कसायचा. नट सैल राहिला तर हब आतल्या आत डुलतं, चावीची खाच रुंद होते, मग चावी कापली जाते आणि अॅक्सलचं टोकच जातं.

ओळंबा

आणि हब काढायचं असेल तेव्हा? ड्रमच्या कडेला पकडणारा तीन पायांचा पुलर चालेल?

नऊसोळा

नाही दादा. कडेला ओढलं की ड्रम ताटासारखा वाकतो. हबच्या बाहेरच्या गळ्याला एक खोबण असते, तिथे पकडणारा पुलर घ्या. नट पूर्ण काढू नका, दोन आटे सैल करून ठेवा, म्हणजे हब सुटलं की उडून अंगावर येत नाही. पुलर ताणून ठेवा, मग त्याच्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एकच जोरदार ठोका. सुटताना बंदुकीसारखा आवाज येतो.